उजव्या कमानीचा आवाज

आमच्या ह्यांना सगळे ट्रकवाले गपराव म्हणतात. घरचं नाव वेगळं आहे, चांगलं आहे, पण ते आता विजेच्या बिलापुरतं उरलंय. कुणीही गाडी घेऊन गॅरेजच्या दारात यायचा, खाली उडी मारायचा आणि सुरू व्हायचा, "वस्ताद, पुढून, डावीकडून, असं ठक-ठक वाजतंय, मला वाटतं शॉकॲब्सॉर्बर..." की ह्यांचा पंजा वर. "गप!" बिचारा पुढचा शब्द गिळायचा. एखादा नवखा तरीही बोलतच राहिला तर हे सरळ आत येऊन चहा प्यायला बसायचे. त्याचं तोंड बंद झाल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही, हा ह्यांचा खाक्या.

मी एकदा म्हटलं, अहो, गाडी त्याची, रोज चालवतो तो, जरा ऐकून घेतलं तर काय बिघडेल? तर म्हणाले, "त्याला ज्या पार्टची भीती वाटते ना, त्याच पार्टमधून त्याला आवाज येतो." म्हटलं बरं बाबा, तुमचंच खरं.

आणि पंचाईत अशी की बहुतेक वेळा ह्यांचंच खरं निघायचं. ट्रकच्या पुढच्या बाजूचा आवाज म्हणजे महालबाड. दोन्ही चाकांना जोडणारा ॲक्सल म्हणजे एकच अखंड लोखंड, त्यामुळे वाजतं एकीकडे आणि ऐकू येतं दुसरीकडे. शहाणीसुरती माणसं डावीकडचे सगळे पार्ट बदलून बसतात आणि ठक-ठक आपली जागच्या जागी. मग ती वरात आमच्या दारात.

ह्यांच्या तपासणीत माझं एक काम ठरलेलं होतं, लग्न झाल्यापासून. मी केबिनमध्ये चढून बसायची. इंजिन बंद. हे गाडीखाली पाठीवर. खालून आवाज यायचा, "डावी... उजवी... डावी..." आणि मी ते अवजड स्टेअरिंग दोन्ही हातांनी हलवत राहायची. घरी पीठ मळायचं आणि इथे स्टेअरिंग मळायचं, एवढाच फरक. हे खाली एकेका सांध्यावर तळवा ठेवत जायचे. कान फसतो, तळवा फसत नाही, म्हणायचे. स्टेअरिंग फिरवताना धक्का लागला तर किंगपिन, म्हणजे ज्याच्यावर चाक वळतं तो खिळा. मग इंजिन सुरू करून मी गाडी वीतभर पुढे घ्यायची आणि कचकन ब्रेक मारायचा. तेव्हा वाजलं तर कमान नाहीतर ती आवळणारे यू-बोल्ट. बारीक खड्ड्यांत वाजलं तर कमानीच्या टोकातलं बुश झिजलेलं. शेवटी सांगाड्याखाली जॅक लावून चाक अधांतरी करायचं आणि पहारीने एकेक गोष्ट उचकटून बघायची. हे सगळं होईपर्यंत ड्रायव्हर बाहेर उभा, तोंडाला कुलूप. मधेच कुणी "अहो पण" म्हटलं की आम्ही दोघंही ओरडायचो, "गप!" मलाही सवय लागली होती, काय सांगू.

कमानीच्या बाबतीत तर हा माणूस वेडाच. कमान म्हणजे पोलादी पाट्यांची चळत. गाडीचा सगळा भार तिच्यावर. सगळ्यात वरचा पाटा मुख्य. त्याचीच दोन टोकं सांगाड्याला अडकवलेली असतात, म्हणजे चाकं जागेवर धरून ठेवणारा तोच. तो ब्रेक मारताना तुटला तर ॲक्सल मागे सरकतो आणि गाडी कुठे जाईल ते तिचं तिलाच ठाऊक. म्हणून तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग करायचं नाही, बदलायचा. वेल्डिंगने पोलाद भाजतं, वरून छान दिसतं आणि आतून बिस्किट. एकदा एकजण हात जोडून उभा राहिला, फक्त घरापर्यंत जाऊ दे, तेवढा टाका मारून दे. ह्यांनी काय केलं असेल? गाडीखाली लाकडी ठोकळे लावले, पाटा काढला आणि घरी आणून आमच्या पलंगाखाली ठेवला. नवा पाटा येईपर्यंत ती गाडी तिथेच, आणि तो माणूस आमच्या ओट्यावर शिव्या देत बसलेला. मीच त्याला जेवायला वाढलं. जाताना पाया पडून गेला, ते सोडा.

असा हा माणूस. आणि ह्या माणसाचा सख्खा भाऊ डावऱ्या.

मी लग्न होऊन आले तेव्हा डावऱ्या एवढासा होता, चपला उलट्या घालायचा. आई त्याची गेलेली. रात्री भीती वाटली की दादाच्या नाही, माझ्या कुशीत यायचा. दीर म्हणायचा एवढंच, वाढवलं लेकरासारखं. सगळं डाव्या हाताने करायचा म्हणून शाळेत मास्तर बोटांवर पट्टी मारायचे. मी गेले तडक शाळेत. म्हटलं, हात त्याचा, अक्षर त्याचं, तुमच्या का पोटात दुखतंय? मास्तर त्या दिवसापासून मला बघून रस्ता बदलायचे. पुढे डावऱ्या दादाच्या हाताखाली वेल्डिंग शिकला आणि काय सुंदर शिकला! वेल्डिंगच्या रेघेत एकावर एक बारीक चंद्रकोरी पडतात. सगळ्यांच्या चंद्रकोरींचं तोंड एकीकडे, ह्याच्या उलट. हे कौतुकाने लोकांना दाखवायचे, "बघा, आमच्या डावऱ्याची सही."

मग डावऱ्याने स्वतःचा ट्रक घेतला. काही वर्षं चालवला आणि त्याला मोठी गाडी घ्यायची हाव सुटली. जुनी विकायची होती. तिकडे माझा धाकटा भाऊ जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवून वैतागलेला. त्याला स्वतःची हवी होती. घरातली वस्तू घरात राहते, आणखी काय पाहिजे? सगळे खूश. माझ्या भावाने केबिनला स्वतःच्या हाताने रंग दिला. बायकोला आणि लेकीला गावभर फिरवून आणलं. लेक खिडकीतून सगळ्यांना हात करत होती, जणू विमानातच बसलीय.

थोड्याच दिवसांत गाडी वाजायला लागली.

भाऊ गाडी घेऊन दारात आला. उतरला, आणि एक शब्द बोलला नाही. दाजींना ओळखतो तो. नुसता हात बांधून उभा राहिला. हे हसले, म्हणाले, "शहाणा आहेस." मी केबिनमध्ये चढले. डावी, उजवी, डावी. काही नाही. वीतभर पुढे, ब्रेक. ठक! माझ्या पायांना जाणवलं. पुन्हा पुढे, पुन्हा ब्रेक. ठक! खालून ह्यांचा आवाज बंद झाला. मी वाट बघतेय, आता सांगतील, आता सांगतील. बऱ्याच वेळाने खालून आले ते रॉकेलचं फडकं हातात घेऊन. तोंडाकडे बघितलं तर राख फासल्यासारखं.

"काय झालं हो?"

"काही नाही. तू घरी जा."

"अहो पण..."

"जा म्हटलं ना. वेळ लागेल. ह्यालाही घेऊन जा, जेवायला वाढ."

इतक्या वर्षांत मला केबिनमधून कधी उतरवलं नव्हतं. पण भाऊ आला होता, भूक लागली होती त्याला, मी आनंदाने गेले. मूर्ख मी. संध्याकाळी हे आले, म्हणाले बुश गेलं होतं, बदललं. भावाने विचारलं, "आता बिनधास्त ना, दाजी?" हे म्हणाले, "हो." एवढंच. त्यांच्या तोंडून एवढंच निघायची आम्हाला सवय, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. भाऊ गाडी घेऊन गेला.

त्यानंतर हे घरात नीट बोलेनात. जेवताना ताटात बोटं फिरवत बसायचे. मी म्हटलं पोट बिघडलं असेल. डावऱ्याही मधे बरेच दिवस फिरकला नाही, आणि आला तेव्हा दोघं भाऊ एकमेकांच्या डोळ्यांत बघेनात. मला वाटलं, भावाभावांचं काहीतरी असेल, आपल्याला काय करायचंय.

आणि मग तो फोन आला. माझ्या भावजयीचा. मला आधी नुसतं रडणंच ऐकू आलं.

माल भरून गोदामातून बाहेर पडताना उतार होता. भावाने ब्रेक दाबला आणि गाडी स्वतःहून उजवीकडे वळली, सरळ भिंतीत. स्टेअरिंग धरून ठेवलं होतं त्याने, सोडलं नव्हतं, पण गाडी ऐकेना. वेग नव्हता म्हणून जीव वाचला. केबिनचा पत्रा आत आला आणि गुडघ्याचा चुरा झाला. हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा त्याला आत नेलं होतं. त्याची लेक बाकड्यावर बापाची एक चप्पल मांडीवर घेऊन बसली होती.

ऑपरेशनला वेळ लागणार होता. हे म्हणाले, मी गाडी बघून येतो. मी म्हटलं, मीही येते. नको म्हणाले. म्हटलं, आता मला केबिनमधून उतरवायचं नाही. मी गेलेच मागोमाग.

गाडी भिंतीला नाक लावून उभी होती. उजवं चाक तिरकं होऊन मागे घुसलेलं. हे खाली शिरले, मीही वाकून बघितलं. उजव्या कमानीचा मुख्य पाटा टोकाजवळ तुटला होता. तुटल्या जागेभोवती एक जाड लोखंडी पट्टी आवळून बसवलेली, दोन नटांची, प्रत्येक कमानीला असते तशी. ह्यांनी पाना लावून नट सोडवले, पट्टी काढली, फडक्याने चिखल पुसला. आणि मला ती दिसली. वेल्डिंगची रेघ, मधोमध फाटलेली. बारीक, सुबक चंद्रकोरी. उलट्या तोंडाच्या.

मला समजायला क्षण लागला नाही. ती बोटं मी मास्तरांच्या पट्टीपासून वाचवलेली होती, बाई. पण मला त्याहून भयंकर काही समजलं, ते ह्यांच्याकडे बघून. ह्यांना धक्का बसला नव्हता असं नाही. पण हे चकित झाले नव्हते. ती रेघ त्यांनी आधी कुठेतरी पाहिल्यासारखी पाहिली.

मी विचारलं, "डावीकडेही होतं ना?"

गप. गपराव.

"मी विचारतेय, त्या दिवशी डावीकडेही हेच निघालं ना? म्हणून मला घरी हाकललंत?"

मान खाली. हो.

माझ्या भावाच्या गाडीत, माझ्या दिराने, जोडलेला पाटा ठेवून गाडी विकली. आणि माझ्या नवऱ्याने तो बघितला, गुपचूप बदलला आणि मला बुश म्हणून सांगितलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून झाकलं. दात त्यांचे, ओठ त्यांचे आणि रक्त माझ्या माहेरचं! मी तिथेच, रस्त्यावर, गोदामातली माणसं बघत असताना काय-काय बोलले ते मलाच आठवत नाही. चांगलं एक वाक्य नव्हतं त्यात.

हे सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "मी त्याला त्याच दिवशी फोन करून विचारलं होतं. उजवीकडे आहे का म्हणून विचारलं होतं. नाही म्हणाला."

"आणि तुम्ही ऐकलंत?"

"तुझी शपथ घेतली त्याने. वहिनीची शपथ, दादा, तेवढाच एक."

माझी शपथ. मी अजून जिवंत आहे, तेव्हा शपथेत काही दम नसावा. दोन नट होते. फक्त दोन नट उघडून बघायचे होते. जगातल्या कुठल्याही ड्रायव्हरच्या शब्दावर ज्याने कधी झाकण उघडायचं सोडलं नाही, त्या माणसाने दोन नट उघडले नाहीत. का, तर उघडणं म्हणजे स्वतःच्या भावाला खोटारडा म्हणणं. मी विचारलं, नंतर गाडी चालवून बघितलीत, तेव्हा वाजली नाही? म्हणाले, "बारीक वाजली. मी म्हटलं नवा पाटा आहे, बसेल जागेवर."

त्या संध्याकाळी डावऱ्या घरी आला. बातमी लागली होती त्याला. दारातच उभा राहिला. नेहमीसारखा आत येऊन "वहिनी, काय केलंय?" म्हणायची हिंमत झाली नाही. मी त्याला ये म्हटलं नाही. हे खुर्चीवर बसले होते, हातही धुतले नव्हते.

"का रे?" हे म्हणाले.

डावऱ्या रडायला लागला. म्हणाला, लांबच्या फेरीत दोन्ही तुटले, एकापाठोपाठ. नवे मिळेनात, वेळ नव्हता, म्हणून टाके मारले. आल्यावर बदलणार होतो. मग गिऱ्हाईक घरचंच आलं, राहून गेलं.

"राहून गेलं!" मी म्हटलं. "दूध आणायचं राहून जातं मेल्या, हे राहून जातं?"

"वहिनी, दादाने एक पकडला, मी एक कबूल केला. लगेच दुसरा सांगायला तोंड उघडेना. लाज वाटली." मग ह्यांच्याकडे वळला, आणि जे बोलला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "आणि दादा, मला वाटलं तू बघशीलच. तू कधी कुणाचं ऐकतोस? मी काही जरी म्हटलं तरी तू उघडून बघणार, असंच धरून चाललो होतो मी."

हे उठले. मला वाटलं मारतात आता. मारलं असतं तर बरं झालं असतं, निदान काहीतरी झालं असतं. हे त्याच्या जवळ गेले, त्याच्याकडे नीट बघितलं, जसं एखाद्या अनोळखी गाडीकडे बघतात तसं, आणि म्हणाले, "तुझ्यापुरतं ऐकलं." आणि दार लावून घेतलं. तो बाहेर बराच वेळ उभा होता. मला त्याची सावली फटीतून दिसत होती. एवढासा असताना दार लागलं की घाबरून रडायचा हा. मी उठले नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊ शुद्धीवर होता. पाय वर बांधलेला, त्यातून सळया बाहेर आलेल्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, चालेल, पण गुडघा वाकणार नाही. म्हणजे क्लच दाबता येणार नाही. म्हणजे गाडी संपली. त्याला हे अजून कुणी सांगितलं नव्हतं, पण ड्रायव्हरला पाय बघूनच कळतं.

हे खाटेशेजारी उभे राहिले. मला वाटलं, आता ह्यांचं तोंड शिवलेलंच राहणार आणि सगळं मलाच सांगावं लागणार. पण बोलले. आयुष्यात इतकं सलग बोलले नसतील. डावीकडचं वेल्डिंग सापडलं ते, बुश म्हणून खोटं सांगितलं ते, डावऱ्याला विचारलं ते, दोन नट उघडले नाहीत ते. काही लपवलं नाही. माझी भावजय ऐकता ऐकता खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

भावाने सगळं ऐकलं. चिडेल, ओरडेल, हात उगारेल म्हणून मी खाटेचा दांडा धरून उभी होते.

तो नुसता म्हणाला, "वाजत होतं, दाजी. रोज वाजत होतं. ब्रेक मारला की उजवीकडून." थांबला, ओठ कोरडे पडले होते, मी चमच्याने पाणी पाजलं. "बायको म्हणायची, दाखवून या परत एकदा. मी तिलाच ओरडायचो. म्हटलं, दाजींनी बघितलंय. दाजींनी बघितल्यावर ते वाजत असलं तरी काही नसणार." त्याने पाणी गिळलं. "मग मी गाण्यांचा आवाज वाढवायचो."

हे वळले आणि बाहेर गेले. मी मागे गेले नाही. भावजय खिडकीपाशीच होती, आणि मी चमचा हातात घेऊन तशीच उभी राहिले.